अ.पा.क. आई



गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझ्या चुलतभावाचा जयसिंगपूरहून फोन आला. दुकानाला शंभर वर्षं होऊन गेली, पाडव्याला नवी पाटी लावायची आहे. त्यावर ‘संस्थापक’ म्हणून पणजोबांचं नाव आणि खाली स्थापनेचं सन. "सन तेवढं तू शोधून दे. तू कॉमर्सची आहेस आणि तुला वेळही आहे," म्हणाला. वेळ आहे हे तो परस्परच ठरवून मोकळा झाला, पण ते असू दे. लग्नाआधी सुट्टीत मीच त्या दुकानाची खतावणी लिहीत होते, म्हणून हो म्हटलं. एक सन शोधायला मला अकरा महिने लागले आणि पाटी अजून लागलेली नाही.

(घरातल्यांनी सांगितल्यामुळे आमची नावं आणि मूळ गाव इथे देत नाही. कृष्णाकाठचं, शिरोळ तालुक्यातलं गाव एवढं पुरे.)

आमच्या घरात पणजोबांची गोष्ट सगळ्या मुलांना पाठ आहे. शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं नवी पेठ वसवली. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ पासून धावत होतीच, तिच्या कडेला हे नवं गाव. आखीव सरळ रस्ते, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. पणजोबांनी गावाकडचं घर सोडलं, बैलगाडीत गुळाचे रवे भरले आणि पेठेत जागा घेऊन अडत दुकान काढलं. आमच्या समाजातून तिथं गेलेल्या पहिल्या काही घरांतलं आमचं घर. दुकानात गादीच्या मागे त्यांचा मोठा फोटो आहे, पटका बांधलेला, नजर करारी. रोज सकाळी त्याला हार घातला जातो.

कागदपत्रं गावाकडच्या घरात एका लोखंडी ट्रंकेत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी त्या घरात शिरलं. पाणी उतरल्यावर माझ्या वहिनीनं एकेक वही माडीवर दोरीला वाळत घातली. घरातले पुरुष तेव्हा चिखल काढत होते. निम्म्या वह्यांचा लगदा झाला. ज्या वाचल्या त्या वहिनीमुळे, आणि त्यांतल्या बहुतेक मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, आधी रेघ मारून तिला अक्षरं लटकवत जायचं. मी महिनाभर शिकायचा प्रयत्न केला. आकडे लगेच जमले, अक्षरं जमेनात. शेवटी कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी मदत केली.

पहिला धक्का वह्यांनी नाही, कोतवाल बुकानं दिला. जातीच्या दाखल्यासाठी लोक हल्ली जे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर शोधत फिरतात, तेच. मला फक्त पणजोबांचं साल हवं होतं. तीन हेलपाटे घालून पान मिळालं. नाव त्यांचंच, वडिलांचं नाव जुळतं, कारण ‘ताप’, आणि महिना ऑक्टोबर १९१८. त्या पानावर वर-खाली सगळीकडे तापच लिहिलेला. ही मानमोडीची साथ. इन्फ्लुएन्झा, ज्यात हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आपण कोरोना पाहिला म्हणून आता त्या पानाचा अर्थ कळतो, नाहीतर मीही नुसती तारीख उतरवून घेतली असती.

मग जागेचा कागद काढला. मोडीत, खाली दरबारचा शिक्का. सर वाचत होते, मी लिहून घेत होते. नाव माझ्या आजोबांचं निघालं. त्यापुढे ‘अज्ञान’, म्हणजे अडाणी नव्हे, सज्ञान न झालेला. आणि त्याच्यापुढे ‘पालनकर्ती आई’. सातबारा पाहिलेल्या मैत्रिणींना हे ओळखीचं आहे. मुलगा लहान असला की त्याच्या नावापुढे अ.पा.क. येतं, अज्ञान पालनकर्ता. पुढे पालकाचं नाव असायला हवं. आमच्या कागदावर नाव नाही. नुसतं ‘आई’.

म्हणजे पणजोबा जयसिंगपूरला दुकान काढायला गेलेच नव्हते. ते आधीच वारले होते. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गेली ती माझी पणजी.

मी तडक आत्तीकडे गेले. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. कान गेलेत पण आठवण शाबूत आहे. पणजी वारली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मी कागद पुढे धरला आणि मोठ्यानं विचारलं, "दुकान पणजीनं काढलं होतं?"

"मग काय त्यांनी काढलं? ते कवाच गेलेले," आत्ती म्हणाली.

"मग आम्हाला लहानपणापासून उलटं का सांगितलं?"

"आम्ही नाही सांगितलं. तीच सांगायची. ‘तुमच्या आजोबांनी दुकान काढलं, मी नुसती बसते,’ असं. गिऱ्हाइकालाही तसंच. बाईच्या नावावर उधार माल कोण देणार त्या वेळी? हुंडी पाठवली तर कोण वटवणार?"

"आणि तो फोटो?"

आत्ती हसायलाच लागली. "फोटो कसला! कोल्हापूरच्या पेंटरकडनं काढून घेतलेलं चित्र आहे ते. त्यांचा फोटो नव्हताच कुठं. आप्पांना समोर बसवलं, तोंडावर मिशा वाढवल्या आणि डोक्यावर पटका चढवला."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. इतकी वर्षं आम्ही आजोबांच्याच चेहऱ्याला पणजोबा म्हणून हार घालतोय.

पणजीला सगळे आक्का म्हणत. तिचं नाव आत्तीलाही माहीत नव्हतं. "आक्का म्हणजे आक्काच," एवढंच. पण आत्तीनं बाकी पुष्कळ सांगितलं. आक्का गादीवर बसत नसे, गादीशेजारच्या दाराच्या आत पाटावर बसे. बाहेर दिवाणजी बोलायचा, भाव ती आतून सांगायची. दिवस कलला की तराजू बंद. दिव्यावर किडे येतात, ते गुळाला चिकटतात, म्हणून दिवेलागणीनंतर तिनं कधी माल तोलू दिला नाही. लांबून आलेल्या गाडीवानाला मुक्काम करावा लागला तरी चालेल, आणि मग त्याच्या बैलांची वैरण दुकानच्या खर्चानं. हे ऐकताना मला एक गोष्ट आठवली. आमच्या दुकानातले जुने हमाल आजही म्हणतात, "आक्काच्या दुकानाला गाडी लावू का?" आम्हाला वाटायचं आमच्या मोठ्या बहिणीला ते आक्का म्हणतात, म्हणून असेल. ती तर कधी दुकानाची पायरी चढली नाही!

आता वह्या. इथे मात्र मला कुणाची गरज लागली नाही, जमा आणि नावे दोन्ही बाजू मला आपोआप दिसतात. वाचलेली सर्वांत जुनी खतावणी शके १८४२ ची, दिवाळी पाडव्याला सुरू झालेली, म्हणजे १९२०. वर ‘श्री वीतरागाय नमः’. पहिलंच खातं ‘आई’. जमेला एकच रक्कम : पाटल्या जोड आणि बोरमाळ मोडून, रुपये ३१२. त्या पाडव्याला दुकानात दुसरं भांडवलच नाही. पणजोबांच्या नावाचं खातं आहे, पण ते नावे बाजूचं. गावाकडची तीन देणी, जी पुढच्या चार वर्षांत थोडी थोडी फेडली आहेत. थोडक्यात, त्यांच्याकडून कर्ज आलं आणि तिच्याकडून भांडवल.

बारकाईनं पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ज्या सावकारांची, नातेवाइकांची ठेव दुकानात होती, त्यांना वर्षाला व्याज जमा होत होतं, दरमहा दरशेकडा बारा आणे. आईच्या खात्याला व्याज नाही. एकाही वर्षी नाही. मागील बाकी ओढायची, पुढच्या वहीत न्यायची. आणि शके १८५१ च्या पाडव्याला, आजोबा सज्ञान होऊन कारभार बघू लागले त्या वर्षी, एका ओळीत ते खातं बंद. सगळी बाकी आजोबांच्या खाती वळती. पुढच्या कागदांत तर ‘आई’ हा शब्दही येत नाही. आजोबांच्या नावापुढे ए.कु.मॅ., एकत्र कुटुंबाचे मॅनेजर.

कायद्याचं म्हणाल तर विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आली, जो आपल्या जैनांनाही लागू आहे. त्याआधी सगळा कारभार हयातीपुरत्या हक्काचा. पण अंगावरचं सोनं हे स्त्रीधन, ते तेव्हाही तिचंच होतं. त्यामुळे ती रक्कम मुलाच्या खाती गेली ती कुणाच्या सहीनं, हे मी शोधत होते. सही नाही, अंगठा नाही. दिवाणजीचं अक्षर आहे. मला आजोबांचा राग आला. माझे फार लाडके आजोबा होते ते, मला सायकल त्यांनीच शिकवली. मग दोन दिवसांनी राग आक्काचा आला. स्वतःच स्वतःला पुसून टाकायचं, आणि तेही इतक्या टापटिपीनं!

त्या नऊ वर्षांत आईच्या खात्याला नावे पडलेली रक्कम एकदाच आहे. ‘बस्तीस कलश नग १’, त्याची किंमत, आणि खाली वेगळी ओळ : ‘नाव घालणावळ, दोन आणे.’

ही ओळ वाचून मी उठलेच. दुसऱ्या दिवशी गावच्या बस्तीत. उपाध्यांनी आधी नाही म्हटलं, कारण आता अभिषेकाला सगळे नवे कलश आहेत. मग त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "मागच्या फडताळात जुनी पितळ आहे की, मोडीत घालायची राहिलीय." (मोडीत म्हणजे भंगारात. त्या दिवशी या शब्दानं मला घाम फुटला.) अकरा भांडी काढली. चिंच आणि राख घेऊन आम्ही दोघी पायरीवर बसून घासत होतो. सातवा कलश. काठाखाली ठोक्याठोक्यांनी घातलेली अक्षरं, तीही मोडीत नव्हे, बाळबोध. तिचं नाव. आधी गं. भा. नाही, मागे नवऱ्याचं नाव नाही, आडनावही नाही. पाच अक्षरं आणि शके. ज्या बाईनं दुकानाच्या पाटीवर, कागदावर, गिऱ्हाइकासमोर कुठेच नाव येऊ दिलं नाही, तिनं देवापुढे दोन आणे देऊन ते घालून घेतलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या सासरमाहेरची तांब्यापितळेची भांडी मोडीत घालण्याआधी काठ आणि बूड नीट घासून वाचा. आपल्या आज्ज्यांची नावं बहुतेक तिथंच सापडतील, सातबाऱ्यावर नाही.

भावाला मी सन कळवलं, शके १८४२, म्हणजे १९२०. सोबत खतावणीच्या पहिल्या पानाचा आणि कलशाचा फोटो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, शंभर वर्षं बाजारात एक नाव चाललंय. आता लोकांना काय सांगू?" त्याचं अगदी चूक आहे असं मला वाटत नाही. आत्तीला विचारलं तर ती म्हणाली, "तिला आवडणार नाही पाटीवर नाव." मलाही तशी शंका आहे. पण मग तो दोन आण्यांचा खर्च कशासाठी केला होता?

परवा वहिनीचा फोन आला. तिनं वेगळंच विचारलं. आईच्या खात्याला इतरांसारखं व्याज लावलं असतं तर नऊ वर्षांत किती झालं असतं? मी कागद घेऊन बसले. कलशाची रक्कम सोडून दिली, तो बस्तीचा. ३१२ रुपयांवर बारा आणे दरानं वर्षाचे २८ रुपये आणि वर काही पै. नऊ वर्षांचं सरळ व्याज २५२ रुपये ११ आणे ६ पै. मुद्दल धरून ५६४ रुपये ११ आणे ६ पै. हा हिशेब मी सही करून भावाला पाठवला आहे.

त्याचं अजून उत्तर नाही. वहिनीनं मात्र पाटी रंगवणाऱ्याला थांबायला सांगितलंय.