उष्णतेच्या लाटा आणि विजेची मागणी

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार, मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश वा त्याहून अधिक वाढल्यास, अथवा ४५ अंशांवर पोहोचल्यास उष्णतेची लाट मानली जाते. या काळात विजेची मागणी झपाट्याने वाढते. ३० मे २०२४ रोजी भारतातील कमाल मागणी सुमारे २,५०,००० मेगावॅट झाली.

शहरांत ही वाढ मुख्यतः पंखे व वातानुकूलन यंत्रांमुळे होते. ग्रामीण भागात तीत कृषिपंपांची भर पडते. पुणे जिल्ह्यातील भवानीनगर हे श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाव ऊसपट्ट्यात आहे. आडसाली ऊस संपूर्ण उन्हाळा शेतात उभा असतो. उष्णतेने बाष्पीभवन वाढून पिकाची पाण्याची गरज वाढते. विहिरींची पातळी खालावल्याने तेवढेच पाणी उपसण्यास अधिक वीज लागते. साखर कारखान्यांतील उसाच्या चिपाडापासूनची सहवीजनिर्मिती मात्र गाळप हंगाम संपताच, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, बहुतांशी थांबते.

एप्रिल २०२२ मध्ये तीव्र उष्णता व कोळशाची टंचाई यांमुळे महाराष्ट्रात भारनियमन करावे लागले. अशा वेळी पंपांचे तास घटून पाण्याच्या पाळ्या लांबतात.

२०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश कृषिपंपांना दिवसा वीज देणे हा आहे. सूर्यास्तानंतरची घरगुती मागणी भागविण्यासाठी मात्र औष्णिक व जलविद्युत केंद्रे किंवा वीजसाठवण यांची गरज उरते.