घामाचे ओझे : थंड समुद्रावर निघताना बॅगेत काय भरावे, याचा इतिहास

मे २०२४ मध्ये कोची येथे अंटार्क्टिक कराराच्या सदस्यदेशांची ४६वी सल्लागार बैठक भरली. यजमान भारत होता. अंटार्क्टिकातील पर्यटनासाठी सर्वंकष नियमावली कशी असावी, याचा विचार करण्यासाठी या बैठकीत प्रथमच एक स्वतंत्र कार्यगट बसला. त्याची निकड उघड आहे. १९६६ मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी काही मोजके प्रवासी जहाजाने तेथे नेले आणि या पर्यटनाचा पाया घातला. आज एका हंगामात एक लाखाहून अधिक लोक तिकडे जातात. त्यांत भारतीयही असतात आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : बॅगेत काय भरावे?

याद्या भरपूर मिळतात. परंतु यादीतील एकेक वस्तू तेथे का आली, हे त्या याद्या सांगत नाहीत. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बर्फाचा कमी, घामाचा अधिक आहे.

आरंभी थोडे भौतिकशास्त्र. कपडा ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीर निर्माण करते, कपडा ती बाहेर जाऊ देत नाही. आणि हे काम प्रत्यक्षात धागा करीत नाही, धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा करते. आपल्या घरची गोधडी हेच करते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवले, की थराथरांत हवा कोंडली जाते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते आणि बर्फाची जवळजवळ ९० पट. म्हणजे कपड्यातील हवेची जागा पाण्याने घेतली आणि पुढे ते पाणी गोठले, तर ज्याला आपण पांघरूण समजतो ते उष्णता बाहेर नेणारा रस्ता होते. हे पाणी आकाशातूनच यावे लागते असे नाही. ते आपल्याच अंगातून येते.

हा धडा युरोपीय संशोधकांना फार महाग पडला.

१४ मार्च १८९५ रोजी फ्रित्योफ नान्सेन आणि यालमार योहानसेन हे दोन नॉर्वेजियन ‘फ्राम’ हे जहाज सोडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले. लांडग्याच्या कातड्याचे पोशाख चालताना फार गरम होतात म्हणून त्यांनी ते जहाजावरच ठेवले आणि लोकरीचे कपडे घातले. निर्णय वरवर शहाणपणाचा होता. परंतु उणे ४० अंशांच्या आसपास स्लेज ओढताना आलेला घाम लोकरीत मुरला आणि तेथेच गोठला. दिवसा कपडे चिलखतासारखे कडक होत. रात्री झोपण्याच्या पिशवीत शिरल्यावर अंगाच्या उष्णतेने ते वितळत आणि सकाळी पुन्हा गोठत. गोठलेल्या बाहीच्या काठाने नान्सेनच्या मनगटावर जखम झाली. रोज रात्री स्वतःच्या शरीराची उष्णता खर्चून स्वतःचाच घाम वितळवायचा, असा तो व्यवहार होता.

त्याच देशाचा रोआल आमुंडसेन यातून वेगळ्या वाटेने शिकला. १९०३ ते १९०५ ही दोन वर्षे त्याचे ‘ग्योआ’ जहाज कॅनडाच्या उत्तरेस किंग विल्यम बेटाजवळ नांगरलेले होते. तेथील नेत्सिलिक इन्यूट लोकांकडून तो कपडे घालायला शिकला. ‘शिकला’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. रेनडिअरच्या कातड्याचे दोन अंगरखे : आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. दोन्ही सैल. गळ्याशी, कमरेशी, मनगटाशी काहीही आवळलेले नाही, त्यामुळे हवा खेळती राहते आणि बाष्प गोठण्याआधी निघून जाते. प्रयोगशाळा नसलेल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बाष्पवहनाचा प्रश्न सोडवला होता. त्या काळी ज्यांना ‘रानटी’ म्हणण्याची प्रथा होती, त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसण्याची तयारी आमुंडसेनने दाखवली. १४ डिसेंबर १९११ रोजी तो चार सहकाऱ्यांसह दक्षिण ध्रुवावर पोहोचला आणि पाचही जण सुखरूप परतले.

त्याच वर्षी अंटार्क्टिकातच रॉबर्ट स्कॉटच्या मोहिमेतील तिघे एक विलक्षण प्रवास करीत होते. एडवर्ड विल्सन, हेन्री बोवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे २७ जून १९११ रोजी, ध्रुवीय हिवाळ्याच्या अखंड अंधारात, केप इव्हान्सहून सुमारे १०० किलोमीटरवरील केप क्रोझियरकडे निघाले. सम्राट पेंग्विनची अंडी आणणे, एवढाच हेतू होता. यांतील बोवर्सचा आपल्याशी संबंध आहे. तो रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी होता आणि हिंदुस्थानातील नोकरीतून थेट या मोहिमेत दाखल झाला होता. वाटेत तापमान उणे ६० अंशांपर्यंत उतरले.

या तिघांनी मागे ठेवलेल्या नोंदींपैकी एक मला भौतिकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील कोष्टकाइतकी मोलाची वाटते. निघताना आणि परतल्यावर त्यांच्या झोपण्याच्या पिशव्यांची वजने करण्यात आली. विल्सनची पिशवी १७ पौंडांची होती, ती ४० पौंडांची झाली. बोवर्सची १७ वरून ३३ वर गेली. चेरी-गॅरार्डची १८ वरून ४५ वर. तिन्ही पिशव्यांत मिळून सुमारे ३० किलो बर्फ साचला होता आणि तो बाहेरून आला नव्हता. चेरी-गॅरार्डच्या पिशवीत ३६ दिवसांत साधारण १२ किलो भर पडली. भागाकार केला, तर रोज सुमारे ३४० ग्रॅम : त्याच्या त्वचेतून आणि श्वासातून निघालेले एक मोठा पेलाभर पाणी. हे बाष्प पिशवीच्या आतल्या उबदार बाजूकडून बाहेर जाऊ पाहते. वाटेत जेथे तापमान शून्याखाली उतरते, तेथे ते दहिवर होऊन बसते आणि पुन्हा निघत नाही.

बोवर्सने पिसांचे एक अस्तर वापरले नव्हते. ते कोरडे राहिले होते. चेरी-गॅरार्डची अवस्था पाहून बोवर्सने ते त्याला देऊ केले. त्याने बराच काळ नकार दिला, अखेरीस घेतले. एक कोरडी वस्तू शेवटपर्यंत न वापरता राखून ठेवावी, हा बॅग भरण्याचा नियम मला या प्रसंगाइतका चांगला कोणीही शिकवलेला नाही.

पुढील शोकांतिका सर्वांना ठाऊक आहे. स्कॉटच्या ध्रुवीय तुकडीतील लॉरेन्स ओट्स हा घोडदळाचा अधिकारी मोहिमेत येण्यापूर्वी महू येथील छावणीत होता. परतीच्या वाटेवर त्याच्या पायांना हिमदंश झाला. मार्च १९१२ मध्ये, आपल्यामुळे इतरांना उशीर होऊ नये म्हणून, तो तंबूतून बाहेर वादळात चालत गेला आणि परतला नाही. परतीच्या टप्प्यांवर साठवलेल्या रॉकेलच्या डब्यांत अपेक्षेपेक्षा कमी तेल निघाले होते. डब्यांच्या झाकणांना चामड्याच्या चकत्या होत्या आणि थंडीत त्यांतून तेल झिरपून गेले. आमुंडसेनचे डबे डाख देऊन बंद केलेले होते. तेल कमी म्हणजे प्यायला पाणी कमी आणि मोजे वाळवायला आगही कमी. ओलाव्याचा प्रश्न असा पुन्हा समोर उभा राहिला. नोव्हेंबर १९१२ मध्ये स्कॉटचा तंबू शोधण्यासाठी जी तुकडी गेली, तिच्याबरोबर हिंदुस्थान सरकारने दिलेली खेचरे होती. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब अशी या सातांची नावे. शिमल्यास त्यांची तयारी झाली होती आणि बर्फाच्या चकाकीपासून रक्षणासाठी त्यांच्या सामानात चष्मेसुद्धा होते.

यावरून ‘कातडे चांगले, लोकर वाईट’ असा सोपा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. कुत्र्यांच्या स्लेजबरोबर जाणारा माणूस आणि स्वतः स्लेज ओढणारा माणूस यांच्या घामाची तुलना होऊ शकत नाही. स्कॉटच्या माणसांनी जाड कातडे घातले असते, तर ते त्यातच भिजले असते. खरा निष्कर्ष असा : पोशाख तापमानावरून नव्हे, श्रमांवरून ठरतो आणि श्रम बदलताच पोशाख बदलता आला पाहिजे. आजची ‘थरांची’ पद्धत म्हणजे दुसरे काही नाही.

या अनुभवाला आकडे मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. १९४१ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकातील ‘लिटल अमेरिका’ तळावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यावर ठेवले आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. सायपल हा पूर्वी बालवीर म्हणून निवडला जाऊन रिचर्ड बर्डच्या मोहिमेबरोबर तेथे गेलेला मुलगा. एवढ्याशा प्रयोगातून वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारठ्याचा निर्देशांक जन्मला. त्याच वर्षी कपड्यांचा उष्णतारोध मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एककही आले. आज वापरात असलेल्या सुधारित सूत्रानुसार उणे १० अंशांना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते सुमारे उणे २० अंशांसारखे जाणवते. जहाजाच्या डेकवर असा वारा ही नित्याची गोष्ट आहे. बाहेरचा थर वारा अडवणारा हवा, तो यासाठी.

आता भारताकडे वळू. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेले नॉर्वेजियन जहाज निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण होते. मोहीम गुप्त ठेवण्यात आली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. त्या ३४ दिवसांचा विचार करा : गोव्याची दमट हवा, विषुववृत्ताचा उकाडा, मग दक्षिण गोलार्धातील वादळी चाळिशी आणि शेवटी बर्फ. एकाच पेटीत तीन ऋतू. हजारो वर्षे सुती कापडावर वाढलेल्या देशासाठी ही परीक्षा वेगळी होती. सुती कापड घाम शोषून धरून ठेवते. आपल्या उन्हाळ्यात हा त्याचा गुण ठरतो आणि बर्फात दोष. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प सामावूनही बरीच ऊब राखते. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया तेथे पोहोचल्या. आज या मोहिमांचे नियोजन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. जेथे स्वेटर क्वचितच लागतो, त्या गावातून ध्रुवीय मोहिमा आखल्या जातात.

गेल्या काही वर्षांत बॅगेच्या इतिहासाने आणखी एक वळण घेतले आहे. ‘काय न्यावे’ याइतकाच ‘काय नेऊ नये’ हा प्रश्न आता महत्त्वाचा झाला आहे. २००७-०८ च्या हंगामात संशोधकांनी अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे, बूट व बॅगा तपासल्या. ज्यांच्याकडे वनस्पतींच्या बिया आढळल्या, त्यांच्याजवळ सरासरी ९.५ बिया होत्या आणि पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांकडे अधिक होत्या. हे वाचून मी माझ्या सह्याद्रीतल्या भटकंतीच्या बुटांकडे पाहिले. त्यांच्या शिवणींत कुसळे होती. किंग जॉर्ज बेटावर ‘पोआ ॲनुआ’ हे परके गवत रुजल्याचे आपल्याला माहीत आहे. तेही असेच कोणाबरोबर तरी गेले असणार. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न माणूस त्या खंडावर कसा टिकेल, हा होता. आज तो खंड माणसापुढे कसा टिकेल, हा आहे.

तेव्हा बॅग भरताना :

– अंगालगत पातळ लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर. सुती नको. (नान्सेन)
– मधला थर सैल आणि चटकन काढता येण्याजोगा. घाम येण्यापूर्वी काढावा, आल्यावर नव्हे. (नेत्सिलिक इन्यूट)
– बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. (सायपल व पॅसेल)
– मोजे व हातमोजे यांचे जादा जोड. एक जोड हवाबंद पिशवीत, शेवटपर्यंत न उघडलेला. (बोवर्स)
– अतिनील किरण रोखणारा गॉगल. ताजा बर्फ त्यांतील बहुतांश किरण परावर्तित करतो. (लाल खान आणि मंडळी)
– आणि निघण्यापूर्वी खिसे, शिवणी, वेल्क्रो, बुटांचे तळ व कॅमेऱ्याची बॅग व्हॅक्यूम क्लीनरने आणि ब्रशने स्वच्छ करून, एकही बी राहिलेली नाही याची खात्री.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीला कोरडा लोकरी मोजा घाला, दुसरीला ओला करून पिळलेला. दोन्ही पंख्याखाली ठेवून दर पाच मिनिटांनी पाण्याचे तापमान नोंदवा. मग पुन्हा करा, परंतु या वेळी दोन्ही मोज्यांवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा, म्हणजे बाष्पीभवन थांबेल. ओल्या मोज्याच्या दोन आलेखांतील फरक सांगेल, की किती उष्णता बाष्पीभवनाने गेली आणि किती केवळ पाण्याच्या वाहकतेने. १९११ च्या त्या अंधारात तीन माणसांनी जे पाच आठवडे सोसले, ते तुम्हांला तासाभरात आलेखकागदावर दिसेल.