परळ, 144 तास

फेब्रुवारी 1898. परळच्या चाळीत राहणारा, रत्नागिरीकडून आलेला, तिशीतला एक गिरणी कामगार. हा माणूस मी कल्पिला आहे. त्याच्यासारख्या हजारोंची नोंद तेव्हाच्या मुंबईच्या मृत्यूपत्रकांत आकड्यापुरती उरली. त्याचे तास मी दोन ठिकाणांहून जुळवले. लक्षणे त्या काळच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेली आहेत आणि शरीराच्या आत काय चालते ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांवर पाहिले गेले आहे. घड्याळ थोडे इकडेतिकडे धरावे. क्रम हाच.

शहरात प्लेगचा हा दुसरा हिवाळा. 23 सप्टेंबर 1896 रोजी मांडवीच्या नवरोजी हिल भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत शहरातली जवळजवळ निम्मी माणसे कोकणात, घाटावर, जिथे घर होते तिथे पळाली. गिरण्यांना माणसे मिळेनात. मग काही परतली. आपला माणूस त्या परतलेल्यांतला.

144 तास बाकी. रविवार, रात्री 11

चाळीत चार दिवसांपासून उंदीर पडत आहेत. जिन्याखाली एक, मोरीत दोन. उंदीर पडले की घर सोडायचे, एवढे ज्ञान लोकांना डॉक्टरांच्या आधीपासून होते. पण सोमवारी गिरणी आहे.

मेलेला उंदीर थंड पडतो तशा त्याच्या पिसवा नवी ऊब शोधतात. यांतल्या काहींच्या घशाशी प्लेगच्या जिवाणूंचा गठ्ठा अडकलेला असतो. अशी पिसू भुकेने वेडी होऊन चावत सुटते, रक्त ओढते, ते आत जात नाही आणि जिवाणूंसकट परत जखमेत ओकते. हे त्या रात्री मुंबईत कोणालाच माहीत नाही. पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवेवर बोट ठेवले ते त्याच वर्षी, कराचीत, आणि लोक त्यांना हसले. परळमध्येच गिनीपिगचे पिंजरे जमिनीवर आणि उंच टांगून ठेवून प्लेग कमिशनने ते पक्के केले त्याला अजून सात-आठ वर्षे आहेत. तोवर नगरपालिका गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ओतते आहे.

चावा डाव्या पोटरीवर. माणूस झोपेतच खाजवतो.

143 तास बाकी. मध्यरात्र

पिसवेच्या पोटात साधारण 25 अंश तापमान होते. आता 37. जिवाणूच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची बातमी आहे, आणि ती कळल्यावर तो पुढच्या काही तासांत तीन गोष्टी बदलतो.

पहिली, अंगावरचा लेप. जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्यात लायपोपॉलिसॅकराइड नावाचा मेद असतो. आपल्या पेशी तो ताबडतोब ओळखतात, कारण त्याला सहा शेपट्या असतात. 37 अंशांवर प्लेगचा जिवाणू चार शेपट्यांचा मेद बनवू लागतो आणि पेशीचा टीएलआर4 हा पहारेकरी रेणू त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो. दुसरी, अंगाभोवती एक चिकट आवरण, म्हणजे गिळणाऱ्या पेशींच्या हाती लागायला नको. तिसरी, सुया. जिवाणूच्या अंगावर सूक्ष्म पोकळ सुया उगवतात. त्या थेट आपल्या पेशीत खुपसून आत प्रथिने सोडता येतात. या प्रथिनांना योप म्हणतात.

दरम्यान लसिकेच्या प्रवाहाबरोबर काही जिवाणू जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेही आहेत.

138 तास बाकी. सोमवार, पहाटे 5

इथे जरा थांबतो, कारण या माणसाचा निकाल इथे लागतो आहे.

जांघेतल्या लसिकाग्रंथीत मॅक्रोफेज नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या आत धोका ओळखणारी वेगवेगळी प्रथिने सुटी तरंगत असतात. धोका पटला की ती एकमेकांना चिकटून चाकासारखी रचना उभी करतात. हा इन्फ्लेमासोम. 2002 मध्ये लोझानच्या युर्ग चॉप आणि फाबिओ मार्टिनॉन यांच्या गटाने हे नाव दिले. चाक जमले की त्यावर कॅस्पेस-1 नावाचे विकर जागे होते आणि दोन कामे करते. इंटरल्युकिन-1 बीटा हा निरोप्या पेशीत अर्धवट अवस्थेत पडून असतो, त्याला कापून कामाचा करते. ताप आणतो तो हाच. आणि गॅसडर्मिन-डी हे प्रथिनही कापते. त्याचे तुकडे पेशीच्या पापुद्र्यात भोके पाडतात, निरोप्या बाहेर पडतो, पेशी फुगून फुटते. पेशी मरते, पण गिरणीचा भोंगा वाजावा तशी सगळ्या परिसराला वर्दी देऊन मरते. रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात.

हे सगळे दोन पायऱ्यांनी होते. आधी टीएलआर4 सारख्या पहारेकऱ्यांनी इशारा द्यावा लागतो, तेव्हा कच्चा माल तयार होतो. मग दुसरा इशारा चाक जमवतो. चार शेपट्यांच्या लेपाने पहिली पायरी आधीच डळमळली आहे. योप-जे हे प्रथिन पेशीच्या आत शिरून ती आणखी दाबते.

दुसऱ्या पायरीची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. मॅक्रोफेजने जिवाणू गिळायचा तर पेशीचा सांगाडा हलायला हवा. ती हालचाल ऱ्हो नावाच्या प्रथिनांवर चालते. योप-ई आणि योप-टी ऱ्हो बंद पाडतात, गिळणे थांबते. पण शरीराला हा डाव जुना ठाऊक आहे. पायरिन नावाचे प्रथिन ऱ्होवर नजर ठेवून असते. जिवाणूला थेट पाहण्याच्या भानगडीत ते पडत नाही; ऱ्हो बंद पडली याचा अर्थ कोणीतरी घरात घुसले, एवढे त्याला पुरते. ते लगेच इन्फ्लेमासोम जमवू लागते. म्हणजे जिवाणूची चोरी त्याच्याच हत्याराने उघडी पडली.

आणि याच क्षणी योप-एम पुढे येते. ते आपल्याच पेशीतली दोन विकरे हाताशी धरून पायरिनवर फॉस्फेटची कुलपे चढवून घेते. पायरिन गप्प. 2016 मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हे दाखवले. योप-एम काढून टाकलेला जिवाणू उंदरांत दुबळा पडतो. त्याच उंदरांतले पायरिन काढले की तो पुन्हा मारक होतो. एवढा स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात सहसा हाती लागत नाही.

माणूस उठतो, चहा घेतो, गिरणीची वाट धरतो.

120 तास बाकी. सोमवार, रात्री 11

काही नाही. पोटरीवर बारीक लाल ठिपका.

108 तास बाकी. मंगळवार, सकाळी 11

छत्तीस तास झाले. फुप्फुसातून प्लेग दिलेल्या उंदरांत नेमका एवढाच काळ मोजला गेला आहे: जिवाणू प्रचंड वाढलेले आणि सूज जवळजवळ शून्य. गाठीच्या प्लेगमध्ये माणसाला हा शांत काळ दोन ते सहा दिवस मिळतो. मिळतो म्हणायचे खरे.

या मंगळवारी आपला माणूस रेल्वेने गावी निघाला असता तर स्टेशनावर डॉक्टरांनी त्याची काख आणि जांघ चाचपून त्याला निरोगी म्हणून सोडले असते. तपासणी कडक होती, बायाबापड्यांची बेअब्रू करण्याइतकी कडक, आणि ती शोधत होती ती गोष्ट अजून शरीरातच नव्हती.

याच्या उलट एक ताप आठवतो. 10 जानेवारी 1897, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधली छोटी प्रयोगशाळा. वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, 10 घनसेंटिमीटर, पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट. काही तासांत ताप चढला, डोके दुखू लागले, टोचलेली जागा ठणकू लागली. लशीत उष्णतेने मारलेले जिवाणू होते. मेलेला जिवाणू सुई खुपसू शकत नाही, योप सोडू शकत नाही. शिवाय हाफकिन यांनी तो मांसाच्या अर्कात, वर तुपाचे थेंब सोडून, मुंबईच्या साध्या हवेत वाढवला होता. 37 अंशांचा कोट त्याने पुरता चढवलेला नसणार, हा माझा तर्क. शरीराने त्याला पहिल्याच दिवशी ओळखले आणि आरडाओरडा केला. 30 जानेवारीला भायखळ्याच्या तुरुंगात निम्म्या कैद्यांना लस टोचली. न टोचलेल्यांत 12 जणांना प्लेग झाला, 6 गेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दोघेही वाचले.

लोकांना मात्र लशीचा ताप दिसत होता. टोचले की माणूस आजारी पडतो, हे डोळ्यांनी पाहिलेले. आणि प्लेग घेऊन फिरणारा शेजारी ठणठणीत. लशीविषयीच्या अफवांना दोष देताना एवढे लक्षात ठेवावे.

72 तास बाकी. बुधवार, रात्री 11

जेवताना थंडी भरते. दात वाजतात. तासाभरात अंग तव्यासारखे तापते, डोके फुटते, कंबर मोडते. जांघेत दुखतेय म्हणून हात लावतो तर लिंबाएवढी गाठ. पाय सरळ करवत नाही.

वर्दी आली ती आता. ग्रंथीतले मॅक्रोफेज ढिगाने मेले आहेत आणि जिवाणू इतके झाले आहेत की कुलपे पुरत नाहीत. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम निसटते, त्यावर एनएलआरपी3 नावाचा दुसरा इन्फ्लेमासोम जमतो. इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6, टीएनएफ, निरोप नेणारे सगळे रेणू एकदम रक्तात. न्यूट्रोफिल येतात आणि गाठ आतून सडवतात. जिवाणू तोवर गाठीपुढे सरकले आहेत.

(याच एनएलआरपी3 ला युरिक आम्लाचे स्फटिकही चालतात. पायाच्या अंगठ्याला गाउटचा ठणका लागून रात्री झोप उडते तेव्हा जंतू एकही नसतो. यंत्र तेच असते.)

60 तास बाकी. गुरुवार, सकाळी 11

बायको शेजाऱ्यांना सांगते, पोट बिघडलंय. खोलीचे दार लोटलेले. कारण कळले तर प्लेगचे पथक येणार, त्याला रुग्णालयात नेणार, तिला आणि पोरांना छावणीत, आणि अंथरूण-पांघरूण जाळणार. 29 ऑक्टोबर 1896 ला आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हजारभर गिरणी कामगारांनी हल्ला केला होता तो याच धास्तीने. जवळच्या परळच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्येही प्लेगचे रुग्णालय उघडले होते. गव्हर्नरने सोडलेला तो वाडा पुढच्याच वर्षी, 1899 मध्ये, हाफकिन यांची प्रयोगशाळा झाला. आज ती हाफकिन संस्था, केईएम रुग्णालयाच्या जवळ.

30 तास बाकी. शुक्रवार, संध्याकाळी 5

जीभ अडखळते, डोळे लाल, उठला तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. त्या काळच्या डॉक्टरांनी ही चाल इतक्यांदा लिहिली आहे की ती जवळजवळ निदानच मानली जाई. तो उठून गिरणीत जायचे म्हणतो. दोघे धरून निजवतात.

रक्तवाहिन्यांचे अस्तर गळू लागले आहे. रक्तदाब उतरतो, बारीक वाहिन्यांत रक्त साखळते, आणि साखळायला लागणारा माल संपला की दुसरीकडे पाझरते. कातडीखाली काळसर डाग. यातले बरेचसे जिवाणू स्वतः करत नाही. तीन दिवस दाबून ठेवलेला प्रतिकार आता सगळीकडे एकाच वेळी सुटला आहे.

8 तास बाकी. शनिवार, दुपारी 3

ताप उतरतो. बायकोला वाटते, पडला आराम. हातपाय गार आहेत.

0. शनिवार, रात्री 11

औषध न मिळालेल्या गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले 30 ते 60 मरतात. हा त्यांतला.

रविवारी घराला खूण होते, चुना फासतात, माणसे छावणीत जातात. 1891 ला मुंबईची लोकसंख्या 8 लाख 21 हजार होती, 1901 ला 7 लाख 76 हजार. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे प्रिन्सेस स्ट्रीट कापला, सँडहर्स्ट रोड काढला, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, हवा खेळावी म्हणून. देशभरात पुढच्या पंचवीस वर्षांत एक कोटीहून जास्त माणसे गेली.

पायरिनचे पुढचे प्रकरण 2020 चे आहे. तुर्क, आर्मेनियन, अरब आणि ज्यू लोकांत पायरिनच्या जनुकातले काही बदल फार आढळतात. दोन्ही पालकांकडून बदल आला तर अधूनमधून विनाकारण ताप आणि पोटदुखी होते, तिला फॅमिलिअल मेडिटेरेनियन फीव्हर म्हणतात. प्रयोगांत दिसले की बदललेल्या या पायरिनला योप-एम नीट दाबू शकत नाही आणि असे उंदीर प्लेगमध्ये जास्त टिकतात. जुन्या साथींतून वाचलेल्यांनी हा चटकन बोंब मारणारा पायरिन पुढच्या पिढ्यांना दिला असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे. मला ते पटते.

आज जेंटामायसिन आणि डॉक्सीसायक्लिनने हा रोग बरा होतो. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये मात्र लक्षणे दिसल्यापासून 24 तासांत औषध सुरू झाले नाही तर बहुतेकदा काही उपयोग नसतो. म्हणून रोग्याच्या निकट राहिलेल्या माणसांना ताप यायची वाट न पाहता सात दिवस डॉक्सीसायक्लिन देतात. आपल्या माणसाने ती गोळी सोमवारी पहाटे, चहाबरोबर, घेतली असती.