परक्या देशातील नाताळची सुट्टी

वसंतातल्या व्यासपीठावरून हिवाळ्याचा विषय काढणे काहींना विपरीत वाटेल. पण आम्ही जो हिवाळा म्हणतो तो पंचांगातला नव्हे. घरापासून हजारो मैलांवर शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षातून एकदा येणारा तो हिवाळा आहे. विद्यापीठ बंद होते, सोबती आपापल्या गावी जातात, खानावळीची चूल विझते आणि तो एकटा मागे राहतो. हे तीन-चार आठवडे त्याने कसे काढावे, ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. परंतु आपल्या देशातील तरुण विलायतेस जाऊ लागले तेव्हापासून या क्षुल्लक प्रश्नाने पालकांना, परोपकारी मंडळींना, क्रांतिकारकांना आणि साम्राज्य सरकारलाही विचारात पाडले आहे. तो इतिहास आज आपण थोडक्यात पाहू.

प्रथम त्या सुट्टीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे वर्षाची तीन सत्रे असतात आणि प्रत्येक पूर्ण सत्र सुमारे आठ आठवड्यांचे असते. म्हणजे वर्षातील बावन्न आठवड्यांपैकी चोवीसच आठवडे प्रत्यक्ष सत्राचे. उरलेले अठ्ठावीस आठवडे विद्यार्थी आपल्या घरी जाणार, हे त्या व्यवस्थेने गृहीतच धरले होते. इंग्लंडातल्या मुलाला घर दोन-चार तासांच्या आगगाडीच्या अंतरावर होते. मुंबईहून आलेल्या मुलाला ते तीन आठवड्यांच्या बोटीच्या प्रवासावर होते. ही व्यवस्था कोणी दुष्टपणाने केलेली नव्हती. ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर परदेशी विद्यार्थी नव्हताच, एवढेच काय ते. पुष्कळसा अन्याय असाच, कोणाच्याही मनात नसताना घडतो.

लंडनमध्ये बॅरिस्टर होण्यासाठी राहणाऱ्यांची स्थिती वेगळी, पण तितकीच एकाकी होती. त्यांना बारा सत्रे भरावी लागत. ती भरायची म्हणजे प्रत्येक सत्रात ठरावीक जेवणांना हजर राहायचे. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, सत्रातील सुमारे चोवीस जेवणांपैकी किमान सहा जेवणांस हजेरी पुरे होई. बाकीचा सारा वेळ विद्यार्थ्याचा. डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. त्या काळी कोळशाच्या धुराने दाटलेले धुके रस्त्यावर उतरले, की दिवसाही दिवे लावावे लागत. भाड्याच्या खोलीत शेगडी पेटवायची तर कोळशाचे पैसे बहुधा वेगळे मोजावे लागत. नाताळच्या दिवशी दुकाने बंद, ग्रंथालये बंद. ज्याला घर नाही त्याने जावे कोठे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर दिले ते खाजगी गृहस्थांनी, त्यातही विशेषतः स्त्रियांनी. 1870 साली मेरी कार्पेंटर या बाईंनी ब्रिस्टल येथे नॅशनल इंडियन असोसिएशन स्थापन केली. पुढे संस्था लंडनला आली आणि 1877 पासून कुमारी एलिझाबेथ मॅनिंग यांनी तिचे चिटणीसपद दीर्घकाळ सांभाळले. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांची माहिती पुरवणे, त्यांची इंग्रज कुटुंबांशी ओळख करून देणे, संमेलने भरवणे ही कामे ती संस्था करी. लाजाळू गांधी मॅनिंगबाईंच्या घरी जात आणि तेथे तोंडातून शब्द न काढता बसून राहत, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. आम्हांला या आठवणीत संस्थेची थोरवी दिसते. न बोलणाऱ्या मुलालाही पुन्हा बोलावणारे घर त्या शहरात होते.

महाराष्ट्रातून गेलेल्या स्त्रियांचा अनुभवही हेच सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालेले. त्या 1889 साली ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल येथे दाखल झाल्या. तेथे लॉर्ड आणि लेडी हॉबहाउस या दांपत्याने त्यांच्यावर मायेचे छत्र धरले. पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या, तेव्हा वाँटिज येथील भगिनींचा आश्रम त्यांचा आधार होता. मात्र हा आधार निर्वेध नव्हता. धर्माच्या प्रश्नावर रमाबाई स्वतंत्र बुद्धीने वाद घालीत आणि आश्रमातील मंडळींना ते रुचत नसे. आश्रय देणारा बहुधा आज्ञापालनाचीही अपेक्षा धरतो, हे येथे प्रथम दिसते.

या सर्वांहून हृदयस्पर्शी कथा आनंदीबाई जोशी यांची. 1883 च्या जून महिन्यात अठरा वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेस पोहोचली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. ब्रिस्टलच्या कार्पेंटरबाईंशी यांचा संबंध नाही. दंतवैद्याकडे बसल्या असता हाती आलेल्या एका मासिकात त्यांनी गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि आपण होऊन पत्र धाडले, तेथून ही ओळख सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियास वैद्यकीय शिक्षण सुरू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्याने त्यांची परीक्षा पाहिली. खोलीतील शेगडी नीट जळत नसे. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला. शाकाहार त्यांनी सोडला नाही. 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. पण शरीर खंगले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाईंचा अंत झाला. त्यांची रक्षा त्या मावशीने आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, पोकिप्सी येथे ठेवली. एका मावशीने दिलेल्या घराचे मोल याहून अधिक काय सांगावे? आणि त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की, मायेचे घर असूनही रोजच्या खोलीतली शेगडी धूर ओकत असेल, तर केवळ मायेने भागत नाही.

आता गांधीजींकडे पुन्हा वळू. विलायतेतील दिवसांनंतर, दक्षिण आफ्रिकेतील आरंभीच्या वर्षांत त्यांनी लंडनला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. पुढे त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आली. तीत कोणी जावे, कोणते कपडे न्यावेत, खर्च किती येतो, याचा पैशापैशाचा हिशेब आहे. आठवड्याला एक पौंडात नीट राहता येते, असे त्यांचे प्रतिपादन. स्वतः त्यांनी एका खोलीत शेगडीवर लापशी आणि कोको करून दिवसाला एक शिलिंग तीन पेन्स एवढ्यात भागवून दाखवले होते. रोज आठ-दहा मैल चालण्याचा त्यांचा परिपाठ होता. समुद्रकाठच्या ब्रायटन गावी त्यांनी सुट्टी काढली, तेथेही स्वतः रांधले. 1891 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, ते वाइट बेटावरील व्हेंटनर येथे शाकाहारी उपाहारगृह पाहून राहिले. रिकाम्या दिवसांना त्यांनी शाकाहार मंडळाचे काम, वाचन आणि चालणे यांनी भरून काढले. या मार्गदर्शिकेत आम्हांला विशेष वाटते ते हे की, ती कोणा अधिकाऱ्याने लिहिलेली नाही. नुकतेच तेथून होरपळून आलेल्या एका थोरल्या भावाने धाकट्यांसाठी लिहिलेली आहे. मार्गदर्शनाचा हा प्रकार सर्वांत विश्वासाचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी या कथेला वेगळे वळण लागले. 1 जुलै 1905 रोजी श्यामजी कृष्णवर्मा यांनी लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाउस उघडले. सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांची तेथे सोय होती. 1906 साली सावरकर आले आणि त्या घराचा प्राण झाले. या घराकडे इतिहासकार राजकारणाच्या दृष्टीने पाहतात, ते योग्यच आहे. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले तर ते प्रथम एक घर होते. तेथे आपली भाषा कानी पडे, आपल्या पद्धतीचे जेवण मिळे, आपले सण साजरे होत. ज्याला नाताळात कोणी बोलावत नाही, तो ज्या दारात त्याचे स्वागत होते त्या दाराकडे जातो. साम्राज्याला ही साधी गोष्ट उशिरा कळली, आणि कळली तेव्हा तिचा उलटा अर्थ लावला गेला.

1907 साली सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी झाली. तिचा अहवाल सरकारने दाबून ठेवला. तो उजेडात यायला 1922 साल उजाडले. पुढे 1909 साली विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय आणि शिक्षण-सल्लागार नेमण्यात आला. त्याच वर्षी 1 जुलै रोजी, नॅशनल इंडियन असोसिएशनच्याच संमेलनात, मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्याने कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या. कुमारी मॅनिंग यांच्या सौम्य संमेलनांची परंपरा अशा रीतीने रक्ताने खंडित व्हावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. पुढल्या वर्षी क्रॉमवेल रोडवरील एकवीस क्रमांकाच्या घरात सल्लागाराचे कार्यालय, त्या जुन्या संस्था आणि नवागत विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय, सारे एका छपराखाली आले. सोय चांगली होती. पण विद्यार्थी तिकडे संशयाने पाहत. आपल्या खोलीची चौकशी करणारा आपल्या मतांचीही नोंद ठेवतो, अशी त्यांची समजूत झाली होती. मदतीच्या हातात टेहळणीची वही असली, की ती मदत कितीही खरी असो, घेणारा हात मागे घेतो.

त्याच 1909 साली दोन प्रसंग घडले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. इंडिया हाउस बंद पडले होते आणि विद्यार्थ्यांची पांगापांग झाली होती. तरीही 24 ऑक्टोबर रोजी लंडनमधील हिंदी मंडळींनी दसऱ्याचे भोजन केले. अध्यक्ष गांधी, वक्ते सावरकर. मते दोन टोकांची, पण सणाच्या पानावर दोघे एकत्र बसले. दुसरा प्रसंग ब्रायटनचा. ज्या किनाऱ्यावर गांधींनी सुट्टी काढली होती, त्याच किनाऱ्यावर घराच्या ओढीने व्याकूळ झालेल्या सावरकरांना सागराला उद्देशून ती कविता सुचली. मराठी माणसाला ती देशभक्तीची कविता म्हणून पाठ आहे. ती घरापासून दूर अडकलेल्या एका विद्यार्थ्याचीही कविता आहे, याची आठवण आम्ही आज नम्रपणे देतो.

महायुद्धानंतर हा प्रश्न अधिक समंजसपणे हाताळला गेला. 1920 साली के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. त्याची व्यवस्था हिंदी ख्रिस्ती तरुणांच्या संघाकडे होती, पण दार सर्व धर्मांना उघडे होते. दुसऱ्या महायुद्धात त्या वसतिगृहावर बाँब पडला. 1953 पासून ते फिट्झरॉय चौकातील नव्या इमारतीत नांदत आहे. तरीही प्रत्येकाला अशी जागा मिळे असे नाही. 1920 नंतर लंडनमध्ये पुन्हा अभ्यासास बसलेले डॉ. आंबेडकर घरमालकिणीच्या तुटपुंज्या जेवणावर राहत, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात वाचीत आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खात. त्यांच्या हाती सुट्टी म्हणून काही नव्हतेच. वेळ हेच त्यांचे धन होते. पण असामान्य पुरुषाने जे सोसले ते सामान्य विद्यार्थ्याने सोसावे, असा नियम करणे योग्य नव्हे.

या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवातून काय निघते? विद्यार्थ्याला सुट्टीत चार गोष्टी लागतात: ऊब असलेली खोली, परवडणारे व पचणारे अन्न, दिवस भरणारे काम आणि एक तरी ओळखीचे दार. पहिल्या दोन गोष्टी संस्थेने द्याव्यात, कारण त्यांना पैसा आणि व्यवस्था लागते. तिसरी विद्यार्थ्याने स्वतः मिळवावी. चौथी मात्र ना संस्था देऊ शकते, ना सरकार. ती समाजानेच द्यावी लागते. आणि ती देताना मोबदल्यात त्याचा धर्म, त्याचे राजकारण किंवा त्याची कृतज्ञता मागू नये.

आज आपली मुले लाखांच्या संख्येने परदेशी जातात. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, सत्र संपण्याआधीच वसतिगृह उघडे राहते का, हे विचारून ठेवा. नाताळच्या दिवशी लंडनात आगगाड्या चालत नाहीत, तेव्हा दोन दिवसांचा शिधा घरात ठेवा. आणि कोणी बोलावले तर भिडस्तपणाने नाही म्हणू नका. गांधी गप्प बसले, पण गेले.

परंतु हा उपदेश मुलांना करून आम्ही मोकळे झालो, तर या व्याख्यानाचा निम्मा हेतू फसेल. आफ्रिका, इराण, मॉरिशस, नेपाळ अशा देशांतील विद्यार्थी आपल्याकडेही येतात. पुण्यात तर पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी मुलांच्या खोलीच्या खिडकीतून काही देताना दिसली. प्रथम त्यांना राग आला. चौकशी केली तेव्हा कळले की, आत मॉरिशसचा एक मुलगा काविळीने पडला आहे आणि पथ्याचे जेवण त्याला दुसरे कोणी देणारे नाही. त्या लज्जेतून 1971 साली सिंबायोसिसचा जन्म झाला. आज ते मोठे विद्यापीठ आहे. पण त्याचे मूळ त्या खिडकीत आहे.

दिवाळीत आपल्या खानावळी बंद होतात, वाडे आणि सदनिका उजळतात, आणि कोठेतरी एका वसतिगृहात एक मुलगा पाव आणि केळी आणून ठेवतो. तो आपल्या गावातला नाताळचा एकाकी विद्यार्थी आहे. रोझेलच्या बाईंनी एक मासिक वाचून आठ हजार मैलांवर पत्र धाडले. आपल्याला तर दोन गल्ल्याच ओलांडायच्या आहेत.