खुणेने सापडलेली पेशी

मेंदूतल्या पेशींचा इतिहास हा बऱ्याच अंशी रंगांचा इतिहास आहे. पेशी तिथे होत्याच, पण त्यांना रंग कसा चढवायचा हे कुणाला तरी उमगले तेव्हाच त्या दिसल्या. १८५०च्या दशकात रुडॉल्फ फिर्खो यांनी चेतापेशींना धरून ठेवणाऱ्या भरावाला ‘ग्लिया’ म्हणजे डिंक हे नाव रूढ केले. १९१३ साली माद्रिदमध्ये सान्तियागो रामोन ई काहाल यांनी सोन्याचा क्षार वापरून या भरावातल्या ताऱ्यासारख्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी लख्ख दाखवल्या. त्या रंगाला दाद न देणाऱ्या काही पेशी मात्र उरल्या. त्यांच्या फांद्या दिसेनात, म्हणून काहाल यांनी त्या बिनफांद्यांच्या ठरवल्या आणि ‘तिसरा घटक’ म्हणून बाजूला ठेवल्या. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी पुढे चांदीच्या कार्बोनेटची पद्धत बसवली, आणि त्या पेशींना फांद्या फुटलेल्या दिसल्या. १९१९मध्ये मायक्रोग्लिया आणि १९२१मध्ये ऑलिगोडेंड्रोग्लिया अशा दोन जाती वेगळ्या निघाल्या. काहाल यांच्या नजरेत खोट नव्हती. रंगाने जे दाखवले नाही ते पेशीत नाहीच, असे मानण्यात चूक झाली होती.

हीच चूक पुढे साठ-सत्तर वर्षांनी, जास्त बारीक साधने हाती असताना, पुन्हा होण्याच्या बेतात होती. चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी ज्या अपक्व पेशींपासून तयार होतात, त्या ग्लियाच्या पूर्वपेशींची ओळख मुख्यतः पृष्ठभागावरच्या खुणांनी पटली. माझे म्हणणे असे, की यातली प्रत्येक खूण हा एक प्रश्न होता. तिला ओळखपत्र मानले तिथे वाट चुकली. दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिले तिथे पेशी खरोखर सापडली.

याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे ए२बी५ हे प्रतिपिंड. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची पद्धत शोधली, आणि पेशीच्या पृष्ठभागावरचा एकेक रेणू हेरणे शक्य झाले. १९७९मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे आयझेनबार्थ, वॉल्श आणि निरेनबर्ग यांनी कोंबडीच्या गर्भातल्या दृष्टिपटलाच्या पेशी वापरून ए२बी५ तयार केले. (हे निरेनबर्ग म्हणजे जनुकीय संकेत उलगडल्याबद्दल १९६८चे नोबेल हरगोविंद खुराना यांच्याबरोबर मिळालेले शास्त्रज्ञ.) हे प्रतिपिंड प्रसिद्ध झाले ते चेतापेशींची खूण म्हणून. ग्लियाच्या पूर्वपेशींची पुढे खूप वापरली गेलेली खूण जन्माला आली ती अशी दुसऱ्याच पेशीच्या नावावर.

तिचा अर्थ बदलला तो लंडनमध्ये, १९८३ साली. युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन रॅफ, रॉबर्ट मिलर आणि मार्क नोबल यांनी सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांची दृष्टिचेता घेतली. ही निवड फार विचाराची होती. दृष्टिचेतेत चेतापेशींचे लांब तंतू असतात, पण त्यांची मुख्य शरीरे मागे डोळ्याच्या पडद्यात राहतात. त्यामुळे चेता सुटी करून बशीत वाढवली की तिथे चेतापेशी नसतातच. तरीही काही पेशींवर ए२बी५ बसले. म्हणजे ही खूण हा चेतापेशींचा मक्ता नव्हता. काम कसे चालते तेही जवळून पाहण्यासारखे आहे. काचेच्या चकतीवर चिकटलेल्या जिवंत पेशींवर प्रतिपिंडाचा थेंब सोडतात. पेशीपटल शाबूत असल्याने ते आत शिरत नाही, फक्त बाहेरच्या रेणूला जाऊन बिलगते. मग त्या प्रतिपिंडाला धरणारे, चमकदार रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात पेशीची कड उजळते. अ‍ॅस्ट्रोसाइटची खूण असलेले जीएफएपी प्रथिन पेशीच्या आत असते. ते पाहायचे तर पटल भेदावे लागते, पेशी मरते. वरची खूण मात्र जिवंत पेशीवर वाचता येते आणि त्याच पेशीचे पुढे काय होते ते पाहता येते. या प्रयोगात वासराच्या गर्भाच्या रक्ताचा निवळ मिसळलेल्या द्रवात त्या पेशी अ‍ॅस्ट्रोसाइट बनल्या. निवळ वगळला तर त्याच ऑलिगोडेंड्रोसाइटकडे वळल्या. एका पेशीला दोन वाटा आहेत म्हणून तिला ‘ओ-२ए’ म्हटले गेले: ‘ओ’ म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट, ‘२ए’ म्हणजे दुसऱ्या प्रकारचा अ‍ॅस्ट्रोसाइट.

इथे आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. बशीत दिसले ते शरीरात असतेच असे कशावरून? पुढच्या दहा वर्षांत प्रत्यक्ष दृष्टिचेतेत शोध घेतला तेव्हा ऑलिगोडेंड्रोसाइट मिळाले, पण ‘दुसऱ्या प्रकारचा’ अ‍ॅस्ट्रोसाइट काही सापडेना. मग ओ-२ए हा प्रयोगशाळेचाच आभास म्हणायचा का? तसे म्हणता येत नाही, कारण तोवर दुसऱ्या खुणा त्याच पेशीकडे बोट दाखवू लागल्या होत्या. स्टॉलकप यांनी १९८१मध्ये वर्णन केलेले एनजी२ हे प्रथिन दृष्टिचेतेतल्या याच पूर्वपेशींवर आढळले. ओ४ हे प्रतिपिंड याच वंशाच्या थोड्या पुढच्या टप्प्यावर बसू लागले. वाढीचा संदेश घेणारा पीडीजीएफ-अल्फा ग्राहक त्याच पेशींत मिळाला. यातली एकही खूण एकटी निर्दोष नाही. ए२बी५ ज्या मेदशर्करांना धरते त्या इतर पेशींवरही असतात, आणि एनजी२ रक्तवाहिन्यांना लपेटणाऱ्या पेरिसाइट पेशींवरही आहे. पण वेगवेगळ्या दिशांनी आलेले साक्षीदार एकाच दाराशी थांबतात तेव्हा आत कुणी तरी आहे असे मानावेच लागते. पेशी खरी होती, तिच्या दोन वाटांपैकी एक मात्र बशीने फुगवून दाखवली होती. तोही वाद पूर्ण मिटला नाही. २००८मध्ये उंदरांत असे दिसले की मेंदूच्या करड्या भागातले काही अ‍ॅस्ट्रोसाइट एनजी२ पेशींच्या वंशातून येतात.

आता प्रत्येक पेशीतली जनुकांची हालचाल स्वतंत्र वाचता येते, तेव्हा या जुन्या खुणा मोडीत काढाव्यात, असेही म्हटले जाते. पेशींची जातवार यादी करायची असेल तर ते बरोबर आहे. पण ती यादी करताना पेशी फोडावी लागते, आणि फोडलेली पेशी मायलिन घालत नाही. हजारो पेशींतून हवी ती जिवंत उचलायची तर तिला बाहेरून धरावे लागते. बशीच्या तळाला प्रतिपिंड चिकटवून हव्या त्या पेशी अडकवण्याचे तंत्र बेन बॅरेस यांनी रॅफ यांच्या प्रयोगशाळेत याच वंशावर वापरले, ते या पकडीच्या जोरावर. खुणांचे मोल रुग्णाच्या बाजूने पाहिले तर आणखी ठसते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिन झडते, आणि जुनाट डागांत ते पुन्हा का चढत नाही हा डॉक्टरांचा जुना प्रश्न होता. १९९८ साली वोल्स्वाइक यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतले असे डाग ओ४ने तपासले. दुरुस्ती करू शकणाऱ्या पूर्वपेशी तिथे होत्या. त्यांची वाढ मात्र जवळपास थांबलेली होती.