आधी पेटी, मग घर

जुन्या फोक्सवॅगन कॅम्परचं आतलं काम पुन्हा करायला घेणाऱ्यांना 'अगदी मूळचं जसं होतं तसंच' हवं असतं. पण मूळचं म्हणजे कधीचं? या गाडीच्या पोटातलं पहिलं घर गाडीचा भागच नव्हतं. ती वेगळी पेटी होती.

गाडीची कल्पना बेन पॉन या डच आयातदाराची. २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने वहीत एक ओबडधोबड चित्र काढलं: चौकोनी डबा, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे. मार्च १९५० मध्ये उत्पादन सुरू झालं. ताकद जेमतेम २५ अश्वशक्ती. तिच्या कोम्बी प्रकारात सीटा बसवल्या की माणसं न्यायची, काढल्या की माल.

जर्मनीतल्या वीडेनब्रुकची वेस्टफालिया कंपनी १८४४ मधली, लोहारकाम आणि घोडागाड्यांमधून वाढलेली. तिने १९५१ मध्ये कोम्बीसाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. गाद्या, कपाट, झोपायची सोय, सगळं आत ठेवायचं आणि सुट्टी संपली की उतरवायचं. आठवडाभर त्याच गाडीतून दुकानाचा माल! मला तर नंतरच्या सगळ्या ऐटबाज मॉडेलांपेक्षा हीच कल्पना जास्त हुशारीची वाटते.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस वेस्टफालियाचं 'एसओ २३' हे मॉडेल आलं आणि सामान गाडीत कायमचं मुक्कामाला आलं. समोरासमोर दोन बाकं, मधे टेबल. रात्री टेबल खाली उतरवायचं, वर गाद्या पसरायच्या, झाला पलंग. समोरासमोरच्या आसनांतून बिछाना काढायची युक्ती अमेरिकेतल्या पुलमनच्या रेल्वेडब्यांनी एकोणिसाव्या शतकातच रुळवली होती. मागच्या इंजिनामुळे मात्र इथे एक अडचण होती: मागची जमीन उंच. पुढे ती अडचणच उपयोगी पडली. बाक सपाट केलं की ते इंजिनावरच्या ओट्याला टेकतं आणि पाय पसरायला जागा मिळते.

१९६१ पासूनच्या मॉडेलांत डोळस राहावं लागतं. 'एसओ ३५'मध्ये गडद लाकूड होतं, पण 'एसओ ३४'मध्ये पांढरा-करडा लॅमिनेट, आपण सरसकट सनमायका म्हणतो तसला. जुनी गाडी म्हणजे लाकूडच, अशा समजुतीने तो उखडून वर पॉलिश मारणारे उत्साही कारागीर असतात. दिसतं छान, पण ती गाडी ती राहत नाही.

बिघाड बहुतेक खालून सुरू होतो. ओल्या चपला आणि सांडलेलं पाणी तर असतंच, शिवाय रात्री बंद गाडीत श्वासांची वाफ गार पत्र्यावर धरते आणि ओघळून खाली येते. प्लायवूडची तळची कड फुगते, पापुद्रे सुटतात. अशा वेळी आख्खं कपाट टाकून देऊ नये. त्याचे पल्ले कागदावर ठेवून आखून घ्यावेत, बिजागऱ्या आणि कड्या वेगळ्या जपाव्यात आणि कुजलेली फळी तेवढी बदलावी. जुन्या स्क्रूंची भोकंही बुजवायची घाई नको. कपाट नेमकं कुठे उभं होतं ते तीच सांगतात.

हल्ली घाईने काम करणारे सगळं गोंदाने चिकटवून टाकतात. स्क्रूच बरे. दर काही वर्षांनी सामान उचलून खालचा पत्रा पाहावा लागतो. तो गंजून जाळी झालेला निघाला तर सुतार बाजूला होतो आणि आधी वेल्डरला बोलवावं लागतं.