घोडकाठचे इनामगाव : कालवा, कोठार आणि होडी

शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड. दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि शिरूर-दौंडच्या कोरड्या मुलखातून पूर्वेकडे जातात. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस इथे येईतो जेमतेम उरतो. भरवशाचे पाणी ते नदीचे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांपुढेही हाच पेच होता. तो त्यांनी कसा सोडवला, आणि मरणाविषयीच्या त्यांच्या समजुतींतही नदी उतरली का, याचा सर्वांत भरघोस पुरावा याच तालुक्यात मिळाला : घोडच्या उजव्या तीरावर, इनामगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात.

या लोकांनी लिहिलेले एक अक्षरही नाही. महाराष्ट्रातले अगदी जुने लेख म्हणजे सोपाऱ्याचे अशोकाचे शिलालेख, ते इ.स.पू. तिसऱ्या शतकातले. इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती त्याच्या सुमारे चारशे वर्षे आधीच उठली होती. म्हणून आपले मुख्य दस्तऐवज म्हणजे डेक्कन कॉलेजचे उत्खनन-अहवाल. १९६८ पासून १९८३ पर्यंत ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी हे टेकाड थराथराने उलगडले. मानवी अवशेषांचा अहवाल १९८६ साली आणि मुख्य अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने त्यांत नोंदली आहेत.

कालक्रम कार्बन-१४ पद्धतीवर उभा आहे. सुमारे इ.स.पू. १६०० ते १४०० माळवा संस्कृती, १४०० ते १००० पूर्व जोर्वे, १००० ते ७०० उत्तर जोर्वे. यातला ‘सुमारे’ महत्त्वाचा. पन्नास-शंभर वर्षांची ओढाताण गृहीत धरूनच पुढे जायचे.

नदीच्या वापराचा पहिला थेट पुरावा पूर्व जोर्वे काळातला आहे. वस्तीच्या कडेला खोदलेला एक चर सापडला : सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. त्याच्या जोडीला दगडमातीचा बांध. चर माणसांनी खणला, हे निश्चित. पुराचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी खणला, हा उत्खननकारांचा निष्कर्ष; पण तो हवेतला नाही. जळून कोळसा झालेल्या धान्यात जवाबरोबर गहूही मिळाला. या पर्जन्यमानात रब्बीचा गहू निव्वळ पावसावर घेणे अवघड, त्याला वरचे पाणी लागते. बिया आणि चर वेगवेगळ्या वाटांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, तेव्हा अनुमानाला बळ येते.

एवढा चर एका कुटुंबाच्या हातून खणला जात नाही. मग खणवून कोणी घेतला? बहुतेक घरे चौकोनी, कुडाची, एका खोलीची किंवा मध्ये आडभिंत घातलेली. आत चूल, धान्याची पेवे आणि कणगी ठेवायचे ओटे. त्यांच्यात एक घर पाच खोल्यांचे निघाले, आणि त्याच्या शेजारी कोठार. ढवळीकरांनी ते गावच्या प्रमुखाचे घर मानले आणि कोठारात सारा म्हणून आलेले धान्य साठत असावे, असे सुचवले. घर मोठे आणि कोठार लगत, इतके खरे. ‘सारा’ हा शब्द मात्र आपण त्यावर ठेवलेला आहे. मला हा तर्क पटतो, कारण पाण्याची वाटणी करायला कोणाचा तरी शब्द चालावा लागतो. तरी तो तर्कच.

आता दफनांकडे. मुले दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, घराच्या जमिनीखाली आडवी पुरलेली. मोठी माणसे खड्ड्यात, डोके उत्तरेला, आणि पावले घोट्याखाली तोडलेली. मृताने घर सोडून भटकू नये म्हणून पावले तोडली असावीत, हे आजवरचे प्रचलित स्पष्टीकरण. नियम इतका सार्वत्रिक की अपवाद लगेच डोळ्यांत भरतो.

असा अपवाद पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मिळाला. कच्च्या मातीचा, फुगीर पोटाचा, चार पायांचा रांजण. आत सुमारे चाळिशीचा पुरुष, बसवलेला, पावले शाबूत. सोबत एक गोल मडके, आणि त्यावर रंगवलेली लांब वल्ह्यांची होडी.

या होडीपाशी थांबावेच लागते. घोड उन्हाळ्यात अनेक ठिकाणी पायी ओलांडता येते. लांब वल्ह्यांची होडी हवी ती पुराच्या पाण्यात, किंवा खालच्या भीमेवर. म्हणजे चित्रकाराने पाहिलेले काही काढले असेल. परलोकीची नदी ओलांडण्यासाठी होडी दिली, असे म्हणण्याचा मोह होतो, कारण वैतरणीची कल्पना आपल्या मनात तयार असते. पण ती कल्पना ग्रंथांत येते ती नंतरच्या काळात, आणि एका मडक्यावरून सगळ्या गावाची श्रद्धा ठरवता येत नाही. निश्चित इतकेच की ज्याची पावले तोडली नाहीत, त्याच्याजवळ पाण्यावरच्या वाहनाचे चित्र ठेवले गेले.

देवतेचा पुरावा वेगळ्या दिशेला जातो. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. आत एक स्त्रीमूर्ती, वर दुसरी बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल, सगळे कच्च्या मातीचे. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटात भोक, बैलाच्या पाठीवरही भोक. काडी घातली की ती बैलावर बसते. यात सुफलनाची आस वाचता येते. नदीची खूण तिच्यावर काहीच नाही.

उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, गहू नाहीसा होतो, हरणासारख्या शिकारीच्या प्राण्यांची हाडे वाढतात. पावसाने दगा दिला, असे ढवळीकरांचे म्हणणे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून यावर प्रश्न उभा केला : कोरडे हवामान इथे आधीपासूनच होते, तेव्हा दोष एकट्या पावसाला देता येत नाही. उपासमारीच्या खुणा मुलांच्या हाडांत आहेत. तिच्या कारणावर एकमत नाही. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती संपली.

माझा निवाडा असा : इनामगावच्या लोकांनी घोडची पूजा केली, असे दाखवणारी एकही वस्तू सापडलेली नाही. त्यांनी तिचे पाणी वळवले, तिच्या भरवशावर धान्य साठवले आणि पावले शाबूत ठेवलेल्या एका पुरुषासोबत होडी रंगवलेले मडके पुरले. याहून पुढचे म्हणायला एक गाव पुरत नाही. वर मंचरजवळ चांडोली आहे, भीमेच्या खोऱ्यात वाळकीसारखी छोटी वस्ती आहे. मधल्या कित्येक पांढरी अजून शेतांखाली आहेत. वाळूउपसा आणि जमीन सपाटीकरण त्या वेगाने पुसत आहेत. शिरूर-दौंडच्या नदीकाठी ज्यांची जमीन आहे त्यांना विनंती : नांगराला किंवा जेसीबीला काळ्या रेघांच्या नक्षीची, टिचकी मारल्यावर खणखणणारी या काळातली तांबडी खापरे लागली, तर ती उचलू नका, काम थांबवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.